यादीत नसलेला शब्द

वाचकाचे पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

गेल्या दीड वर्षापासून मी एक परकी भाषा शिकत आहे. आमच्या वर्गात दर आठवड्याला तीस-चाळीस नव्या शब्दांची यादी मिळते आणि आठवड्याच्या अखेरीस ती न पाहता, आठवतील तेवढे शब्द लिहून काढायचे असतात. यादीत नसलेला शब्द लिहिला तर गुण कापले जातात. पूर्वी मी शब्द नुसते घोकत असे. नंतर अर्थाप्रमाणे गट पाडून, एका विषयाचे शब्द एका पानावर आणून, त्यांचे एकमेकांशी नाते लावत अभ्यास करू लागले. तेव्हापासून मला पूर्वीपेक्षा पुष्कळ शब्द आठवतात, पण जवळजवळ प्रत्येक चाचणीत यादीत नसलेले दोन-तीन शब्दही मी लिहून येते. मागच्या यादीत ढग, वीज, गडगडाट, छत्री, चिखल, सर, झड, इंद्रधनुष्य या अर्थांचे शब्द होते. मी त्यांच्यासोबत ‘पाऊस’ या अर्थाचा शब्दही लिहिला. तो पानाच्या वरच्या बाजूला होता, हेसुद्धा मला आठवत होते. घरी येऊन वही उघडली, तर तो शब्द कुठेच नव्हता. माझी मैत्रीण अजूनही घोकूनच पाठ करते. तिला माझ्यापेक्षा कमी शब्द आठवतात, पण नसलेला शब्द ती क्वचितच लिहिते. ती म्हणते, तू अर्थ लावत बसतेस, म्हणून मनाचे शब्द घुसडतेस. ताई, माझ्या स्मरणशक्तीत काही बिघाड आहे का? मी पुन्हा घोकंपट्टीकडे वळावे का?

(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्याचीच काळजी तुम्हांला अधिक लागलेली दिसते. तुमच्या स्मरणशक्तीत बिघाड नाही. तुम्हांला जे झाले ते निरोगी, तरुण, हुशार माणसांना प्रयोगशाळेत ठरवून घडवून आणता येते, आणि गेली कित्येक दशके ते घडवून आणले जात आहे. ‘पाऊस’ हा शब्द तुम्ही मुद्दाम घुसडलेला नाही. तो तुम्हांला खरोखर आठवला. तो यादीत नव्हता, एवढेच. ‘आठवला’ आणि ‘यादीत होता’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुढचे सगळे उत्तर या दोहोंमधील अंतराविषयीच आहे.

मी अनेक वर्षे स्मृतीचे मानसशास्त्र शिकवले आणि दरवर्षी या विषयाची सुरुवात एकाच प्रात्यक्षिकाने केली. वर्गासमोर पंधरा शब्द सावकाश वाचायचे: अंथरूण, उशी, रात्र, जांभई, स्वप्न, पांघरूण, डुलकी, गादी, घोरणे, थकवा, पेंग, अंगाई, जाग, विसावा, गजर. मग दोन मिनिटे इकडचे तिकडचे बोलायचे आणि आठवतील ते शब्द लिहायला सांगायचे. कागद गोळा करण्यापूर्वी मी विचारत असे, की ‘झोप’ कोणी कोणी लिहिले आहे. एकामागून एक हात वर होत. एका वर्षी पहिल्या बाकावरील एका विद्यार्थिनीने मी यादी पुन्हा वाचून दाखवल्यावरही मान्य केले नाही. ‘तुम्ही तो शब्द उशीच्या लगेच नंतर म्हणालात, आणि म्हणताना माझ्याकडे पाहिलेत,’ असे ती अगदी शांतपणे सांगत होती. तिच्या आवाजात हट्ट नव्हता, आठवण होती. तुमचे ‘पानाच्या वरच्या बाजूला’ वाचले, तेव्हा मला तीच आठवली.

या प्रात्यक्षिकाचे मूळ जेम्स डीस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या १९५९ मधील संशोधनात आहे. त्यांनी प्रत्येकी १२ शब्दांच्या ३६ याद्या तयार केल्या होत्या. प्रत्येक यादीतील सर्व शब्द एका मध्यवर्ती शब्दाशी संबंधित असत आणि तो मध्यवर्ती शब्द मात्र यादीत नसे. काही याद्यांच्या बाबतीत लोक तो नसलेला शब्द पुष्कळ वेळा लिहीत, तर काही याद्यांच्या बाबतीत तो जवळजवळ कोणीच लिहीत नसे. हा फरक कशामुळे पडतो, हे डीस यांनी शोधून काढले. यादीतील शब्द ऐकताच मनात तो मध्यवर्ती शब्द किती सहज येतो, यावर सारे अवलंबून होते. ‘छत्री’ म्हटल्यावर ‘पाऊस’ मनात येतो. ‘चिखल’ म्हटल्यावर येतो, ‘सर’ म्हटल्यावर तर येतोच येतो. तुमच्या पानावरचे आठ शब्द म्हणजे एकाच दिशेने बोट दाखवणारे आठ हात होते.

डीस यांच्या या कामाकडे पुढे कित्येक वर्षे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९९५ मध्ये हेन्री रोडिगर आणि कॅथलीन मॅकडरमॉट यांनी ते पुन्हा हाती घेतले, आणि तेव्हापासून ही पद्धत डीस, रोडिगर आणि मॅकडरमॉट या तिघांच्या नावांनी ओळखली जाते. त्यांच्या पहिल्या प्रयोगात यादीत नसलेला मध्यवर्ती शब्द सुमारे ४० टक्के वेळा लिहिला गेला. यादीच्या मधल्या भागातील, म्हणजे खरोखर वाचून दाखवलेले शब्द ज्या प्रमाणात आठवले, साधारण त्याच प्रमाणात हा न वाचलेला शब्दही आठवला. दुसऱ्या प्रयोगात प्रत्येक यादीत १५ शब्द होते आणि हे प्रमाण ५५ टक्क्यांवर गेले. त्यानंतर शब्द दाखवून ‘हा यादीत होता का’ असे विचारले, तेव्हा नसलेला मध्यवर्ती शब्द लोकांनी खऱ्या शब्दांइतक्याच वेळा ‘होता’ म्हणून ओळखला. एवढेच नव्हे, तर ‘होता असे वाटते’ आणि ‘तो ऐकल्याचा क्षण मला आठवतो’ असे दोन पर्याय दिल्यावर कितीतरी जणांनी दुसरा पर्याय निवडला. तेव्हा तुमचा ठामपणा ही काही तुमची एकटीची गोष्ट नाही. आठवणीचा ठामपणा हा तिच्या खरेपणाचा पुरावा नसतो, हे या प्रयोगांनी जितके स्पष्ट केले तितके क्वचितच कशाने केले असेल.

आता तुमच्या मैत्रिणीच्या म्हणण्याकडे येऊ. तिचे निरीक्षण अचूक आहे, निष्कर्ष मात्र चुकलेला आहे.

अभ्यासाच्या रीतीने स्मरणात किती फरक पडतो, याचा पायाभूत विचार फर्गस क्रेक आणि रॉबर्ट लॉकहार्ट यांनी १९७२ मध्ये मांडला. पुढे १९७५ मध्ये क्रेक आणि एंडेल टुल्विंग यांनी त्यावर प्रयोगांची एक मालिकाच केली. त्यांनी लोकांना शब्द दाखवले आणि प्रत्येक शब्दाविषयी एक प्रश्न विचारला. कधी प्रश्न अक्षरांच्या दिसण्याविषयी असे, कधी शब्दाचे यमक कशाशी जुळते याविषयी, तर कधी तो शब्द अमुक वाक्यात अर्थाने बसतो का, याविषयी. शब्द तेच, पाहण्याचा वेळही थोडाच, पण अर्थाचा प्रश्न विचारलेले शब्द नंतर कितीतरी अधिक लक्षात राहिले. पाठ करण्याचा हेतूसुद्धा फारसा महत्त्वाचा नसतो. मनाने शब्दाचे काय केले, त्याला नुसता स्पर्श केला की उघडून पाहिला, हे महत्त्वाचे असते. गट पाडून अभ्यास सुरू केल्यावर तुम्हांला अधिक शब्द आठवू लागले, याचे कारण हेच आहे.

याच बळाची दुसरी बाजू १९९९ मध्ये मायकेल टोग्लिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवली. एका गटाने डीस यांच्यासारख्या याद्या अर्थाकडे लक्ष देऊन अभ्यासल्या, तर दुसऱ्या गटाने शब्दांच्या बाह्यरूपाकडे लक्ष दिले. अर्थाकडे लक्ष देणाऱ्यांना खरे शब्द अधिक आठवले, आणि यादीत नसलेला मध्यवर्ती शब्दही अधिक आठवला. दोन्ही एकदमच वाढले. एका विषयाचे सगळे शब्द सलग एकत्र दिले तर दोन्ही आणखी वाढतात आणि वेगवेगळ्या विषयांचे शब्द मिसळून दिले तर दोन्ही कमी होतात, असेही दिसून आले. तुमची वही म्हणजे नेमकी ही सलग मांडणी आहे. (शब्द दाखवून ‘होता का’ असे विचारण्याच्या चाचणीत अभ्यासाच्या खोलीचा हा परिणाम दर वेळी इतका ठळक दिसत नाही. पण तुमची चाचणी न पाहता लिहिण्याची आहे आणि तिथे तो चांगलाच दिसतो.)

असे का होते, याची दोन स्पष्टीकरणे मानसशास्त्रात प्रामुख्याने मांडली जातात आणि मला ती परस्परविरोधी न वाटता एकमेकांना पूरक वाटतात. पहिले असे, की मनात शब्द सुटे नसतात, ते एकमेकांशी जोडलेले असतात. ‘ढग’ जागा झाला की त्याची हालचाल शेजाऱ्यांपर्यंत पोहोचते आणि आठ शेजारी एकाच वेळी जागे झाले की मधला न बोलावलेला शब्दही उठून बसतो. नंतर आठवताना मनाला ठरवावे लागते, की हा शब्द पानावरून आला की आपल्याच आतून. ही पारख काही वेळा चुकते. दुसरे स्पष्टीकरण चार्ल्स ब्रेनर्ड आणि व्हॅलरी रेना यांचे आहे. त्यांच्या मते प्रत्येक अनुभवाचे दोन ठसे उमटतात, एक शब्दशः आणि दुसरा सारांशाचा. शब्दशः ठसा लवकर पुसट होतो आणि सारांशाचा टिकतो. ‘ते पान पावसाविषयी होते’ हा तुमचा सारांश तंतोतंत खरा आहे आणि ‘पाऊस’ हा शब्द त्या सारांशाचे नावच आहे. ते नाव शब्द म्हणून कागदावर उतरले.

याच दोघांच्या संशोधनातील एक गोष्ट तुम्हांला धीर देईल, म्हणून सांगते. अशा याद्यांवर लहान मुले मोठ्या माणसांपेक्षा कमी फसतात. एरवी मुलांची स्मृती अधिक फसवी असते असे आपण धरून चालतो, पण इथे उलट घडते, कारण शब्दांमधील अर्थाचे जाळे मुलांच्या मनात अजून पुरते विणलेले नसते. परक्या भाषेतील आठ शब्दांनी तुमच्या मनात त्याच भाषेतील नववा शब्द आपोआप जागा केला, याचा अर्थ त्या भाषेचे जाळे तुमच्या मनात विणले जाऊ लागले आहे. दीड वर्षापूर्वी ही चूक तुमच्याकडून होणेच शक्य नव्हते.

म्हणून घोकंपट्टीकडे परत जाऊ नका, असे मी आग्रहाने सांगते. तुमच्या मैत्रिणीच्या चुका कमी आहेत, कारण तिने चुकीचा रस्ता बंद करताना बरोबरचा रस्ताही अर्धा बंद करून ठेवला आहे. शब्दांचे केवळ ध्वनी आणि अक्षरे पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्याने मधला शब्द जागा होत नाही हे खरे, पण मग खरे शब्दही हाताशी राहत नाहीत. तुम्हांला मिळकत ठेवून गळती थांबवायची आहे, आणि तो मार्ग आहे.

तुमच्या अभ्यासात आज एकच क्रिया आहे, ती म्हणजे साम्य शोधण्याची. हे सगळे शब्द कशाविषयी आहेत, कोण कोणाच्या जवळ आहे, हे तुम्ही पाहता. त्याला दुसरी क्रिया जोडावी लागेल, ती म्हणजे भेद शोधण्याची. हा शब्द त्याच पानावरच्या बाकी सातांपेक्षा वेगळा कशाने आहे? मॅक्केब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हेच तपासले. शब्दांमधील समान धागा शोधण्याऐवजी प्रत्येक शब्दाचे स्वतःचे वैशिष्ट्य शोधायला सांगितले, तेव्हा लोक नसलेल्या शब्दाला पुष्कळ कमी फसले. अर्थाचा विचार दोन्हीकडे होता, विचाराची दिशा तेवढी बदलली. मला स्वतःला या साऱ्या संशोधनातील सर्वांत उपयोगी गोष्ट हीच वाटते, कारण ‘खोल अभ्यास की उथळ अभ्यास’ हा वाद ती बाजूला सारते आणि खोल अभ्यासाचेच दोन प्रकार दाखवते.

हे प्रत्यक्षात कसे करायचे, ते तुमच्याच यादीवर करून पाहू. उदाहरणे मराठीत देते, तुम्ही ती शिकत असलेल्या भाषेत करा. ‘सर’ आणि ‘झड’ हे दोन शब्द ‘पावसाचे प्रकार’ म्हणून एका ओळीत लिहिले, की ते दोघेही ‘पाऊस’ या शब्दाकडे बोट दाखवून मोकळे होतात. आता त्यांच्यातील भेद लिहा. सर येते आणि जाते. झड लागते आणि दिवसच्या दिवस हटत नाही. सरीत सापडलेला माणूस आडोशाला थांबतो, कारण ती ओसरेल याची त्याला खात्री असते. झड लागली की तो थांबत नाही, तसाच भिजत निघतो. पुढे क्रियापदे पाहा. ढग दाटून येतात, वीज कडाडते, छत्री उघडतात आणि मिटतात, चिखल तुडवतात. ‘मिटणे’ हे क्रियापद त्या पानावर छत्रीखेरीज कोणालाच लागत नाही. ‘तुडवणे’ चिखलाशिवाय कोणाला लागत नाही. अशी एकेक खूण प्रत्येक शब्दाला मिळाली, की चाचणीच्या वेळी तुमच्या हाती नुसता शब्द न येता खुणेसह शब्द येतो. ‘पाऊस’ मनात आला तर तो मोकळ्या हातांनी येतो, कारण त्याच्यासाठी तुम्ही कधी काही लिहिलेच नव्हते. शिवाय कोणता शब्द कोणत्या क्रियापदाबरोबर चालतो, हे भाषा शिकणाऱ्याला केव्हातरी शिकावेच लागते, तेव्हा हा वेळ वाया जाणार नाही.

चित्रांचाही असाच उपयोग होतो. १९९७ मध्ये लाना इस्रायल आणि डॅनियल शॅक्टर या संशोधकांनी शब्दांसोबत चित्रे दाखवली तेव्हा नसलेले शब्द ‘होते’ म्हणण्याचे प्रमाण कमी झाले. आपण प्रत्येक शब्दाचे चित्र पाहिले आहे, हे एकदा माहीत असले, की चित्राविना आलेला शब्द मनाला संशयास्पद वाटू लागतो. पुढे २००१ मध्ये डॉडसन आणि शॅक्टर यांना शब्द मोठ्याने उच्चारण्याच्या बाबतीतही असाच परिणाम दिसला. ‘मी तो शब्द म्हटला असता, तर म्हटल्याचे आठवले असते’ असा निकष मन वापरते. म्हणून यादीतील प्रत्येक शब्द स्वतः मोठ्याने म्हणा, पण एकाच सुरात सर्व शब्द ओढत नेऊ नका, कारण मग ती पुन्हा घोकंपट्टीच होते. शब्द म्हणावा, थांबावे, त्याची खूण सांगावी आणि मगच पुढे जावे.

थांबण्याविषयी थोडे अधिक सांगायला हवे. मॅकडरमॉट आणि वॉटसन यांनी २००१ मध्ये एकेक शब्द किती वेळ दाखवला, यावरून काय फरक पडतो ते पाहिले. एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागापासून पाच सेकंदांपर्यंत निरनिराळे वेळ त्यांनी घेतले होते. वेळ अगदी नगण्य होता तेव्हा नसलेला शब्द थोडा आठवला, पाव सेकंदाला तो वाढला, आणि त्यापुढे वेळ वाढवत नेला तसा तो पुन्हा कमी होत गेला. खरे शब्द मात्र वेळेबरोबर वाढतच गेले. याचा अर्थ असा, की झरझर नजर फिरवण्यात सारांश पकडण्यापुरता वेळ मिळतो आणि भेद पकडण्यापुरता मिळत नाही. चाचणीच्या आदल्या क्षणी पान भरभर चाळण्याची सवय असेल, तर ती सोडा.

एक गोष्ट मात्र तुम्ही आजच बदलायला हवी आणि तिच्याविषयी तुम्ही पत्रात काही लिहिलेले नाही, म्हणून विचारते. घरी सराव करताना तुम्ही न पाहता शब्द लिहून काढता का? काढत असाल, तर लिहून झाल्यावर दर वेळी मूळ यादीशी ताडून पाहता का? स्वतःची परीक्षा घेणे ही अभ्यासाची उत्तम रीत आहे, यात शंका नाही. पण ताडून न पाहिलेली परीक्षा या बाबतीत धोक्याची असते. रोडिगर आणि मॅकडरमॉट यांच्या प्रयोगात ज्या याद्या लोकांनी आधी एकदा आठवून लिहिल्या होत्या, त्यांतील नसलेला शब्द त्यांनी नंतर अधिकच खात्रीने ओळखला. आपणच लिहिलेला शब्द पुढच्या वेळी ‘मी हा लिहिला होता’ या ओळखीवर खरा ठरतो. मॅकडरमॉट यांनी १९९६ मध्ये दोन दिवसांनंतर स्मरण तपासले, तेव्हा नसलेला शब्द आठवण्याचे प्रमाण खऱ्या शब्दांच्याही वर गेलेले होते. मात्र याच अभ्यासात, तीच यादी पुन्हा ऐकवून पुन्हा आठवायला सांगितल्यावर नसलेला शब्द दर फेरीला कमी होत गेला, जरी तो पुरता गेला नाही. म्हणून दर फेरीनंतर यादी उघडा, नसलेल्या शब्दावर काट मारा, आणि यादीत तो कुठे नाही हे बोट फिरवून शोधा. शेवटचे वाक्य मी जाणूनबुजून असे लिहिले आहे. नसलेपण डोळ्यांनी पाहावे लागते, नाहीतर ते लक्षात राहत नाही.

आता एवढे सगळे वाचल्यावर तुमची चूक आपोआप थांबेल का? काही प्रमाणात थांबेल. लोकांना सापळ्याची कल्पना आधीच दिली तर त्यांच्या चुका कमी होतात, पण नाहीशा होत नाहीत, असे गॅलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले. पूर्वसूचना अभ्यासापूर्वी मिळाली तरच तिचा खरा उपयोग होतो. यादी वाचून झाल्यावर दिलेली सूचना फारशी कामी येत नाही. म्हणून नवी यादी हाती आली, की अभ्यासाला बसतानाच प्रत्येक गटाचा मधला शब्द कोणता, हे ओळखा. तो यादीत आहे का, ते पाहा. नसेल, तर पानाच्या समासात ‘पाऊस नाही’ असे स्पष्ट लिहून ठेवा. तुमच्या मनाला जो शब्द नंतर आणायचा आहे तो तुम्ही आधीच ओळखून त्याच्यावर शिक्का मारून ठेवलेला असेल.

चाचणीत लिहिताना शंका आली, तर स्वतःला विचारा की हा शब्द मी कुठे पाहिला, त्याच्या शेजारी काय होते, तो म्हणताना मी कुठे अडखळले होते. खऱ्या आठवणीत असे तपशील सरासरीने अधिक असतात, त्यामुळे हा प्रश्न उपयोगी आहे. पण त्यावर सर्व भार टाकू नका. एका प्रयोगात यादी दोन वेगवेगळ्या माणसांच्या आवाजांत ऐकवली होती आणि नसलेला शब्द त्यांपैकी कोणी उच्चारला, हेही लोकांनी विश्वासाने सांगितले. तुमचे ‘पानाच्या वरच्या बाजूला’ हेही तसेच होते. मन शब्द आणते तेव्हा त्याला कधीकधी जागाही देऊन आणते. यासाठीच तपशील ‘वाटला’ एवढ्यावर न थांबता, तुम्ही दिलेली खूण आठवते का, हे पाहावे. जागा मन आपोआप पुरवू शकते. ‘छत्री मिटतात’ हे तुम्ही स्वतः ठरवून जोडलेले असते, म्हणून तो पुरावा अधिक भक्कम असतो.

इथे एक गोष्ट विषयाला धरूनच, पण तुमच्या प्रश्नाच्या जरा पलीकडची सांगाविशी वाटते. असे प्रयोग वाचून काही जण लगेच म्हणू लागतात, की माणसाची कोणतीच आठवण भरवशाची नाही. कोणी आपल्या आयुष्यातील दुःखद प्रसंग सांगू लागले, की त्याला या याद्यांचा दाखला देणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्याचे मला वाईट वाटते. पंधरा जवळच्या शब्दांत सोळावा मिसळणे ही एक गोष्ट आहे, आणि न घडलेला प्रसंग घडल्यासारखा आठवणे ही अगदी दुसरी. पहिलीवरून दुसरीचा निकाल लावता येत नाही. तुम्हीही या चुकांवरून स्वतःच्या इतर आठवणींवर संशय घेऊ नका.

तुमच्या गुणांविषयीही दोन शब्द सांगते. तुमच्या वर्गातील चाचणी ‘या यादीत काय होते’ हे विचारते. तुम्ही भाषा शिकता ती बोलण्यासाठी आणि वाचण्यासाठी. बोलताना ‘पाऊस’ हा शब्द न बोलावता आला, तर तो चूक ठरत नाही, वाक्य पूर्ण करतो. म्हणून चाचणीसाठी भेदाचा अभ्यास जरूर वाढवा, पण साम्याचा अभ्यास टाकून देऊ नका. मी तुमच्या जागी असते, तर आठवड्याच्या सुरुवातीचे दिवस गट पाडण्यात घालवले असते आणि शेवटचे दोन दिवस सगळे गट मोडून, शब्द मिसळून, एकेकाची खूण म्हणण्यात घालवले असते. मैत्रिणीलाही सोबत घ्या. तिने तुमच्याकडून गट पाडायला शिकावे आणि तुम्ही लिहून काढलेला कागद तिने यादीशी ताडून पाहावा. तिला नसलेला शब्द चटकन दिसतो, हा तिचा गुण आहे.

शेवटी, वहीत मागे एक पान कोरे ठेवा. आजवर जे नसलेले शब्द तुम्ही लिहून आलात, ते सगळे तिथे उतरवा आणि प्रत्येकापुढे तो कोणत्या शब्दांच्या संगतीने आला असावा, हे लिहा: छत्री, सर आणि चिखल यांच्यामुळे पाऊस. पुढे कधीतरी त्यांतील एखादा शब्द खरोखरच यादीत येईल, तेव्हा त्याच ओळीत तारीख टाका.

तुमची,
ताई